अधांतरी राजा आणि धुरपदेचं मडकं

एका राज्यात तांब्याची एक कढई होती. एवढी थोरली, की ती ढवळायला होडीतून जावं लागे. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, होडीवाले तरी शपथेवर सांगत. त्या कढईत राजाची जवाची सुरा आंबे. हल्लीचे लोक तिला बिअर म्हणतात. ती आंबवी सटवाजी, आणि त्याच्या जोडीला त्याची बायको धुरपदा. दर खेपेला दोघं तळाचा गाळ राखीत, कारण त्या गाळानंच पुढची सुरा फसफसे.

एका मेजवानीत राजा म्हणाला, "गाळही वाढा."

सटवाजीनं हात जोडले, पण राजानं तळ चाटूनपुसून संपवला. तत्क्षणी कढईतून फेसाची राणी उठली. अंगावर बुडबुड्यांचं वस्त्र, आणि एकेका बुडबुड्यात एकेक नक्षत्र. ती म्हणाली, "माझं बीज खाल्लंस. आता तूच फूग."

राजा फुगला आणि तरंगू लागला. प्रधानानं घाईघाईनं त्याच्या पायाला वजन बांधलं. जवळ वजन होतं ते सटवाजीचंच, म्हणून दोराला तोच बांधला. राज्यात दूध विरजेना, पीठ फुगेना. राजा मात्र रोज वर चढे, आणि त्याच्यामागं सटवाजी. महालाच्या घुमटाच्या माथ्यावर झरोका होता. राजा त्यातून निसटला, की आपला नवराही आभाळात जाणार, हे धुरपदेला कळून चुकलं.

ती रानात गेली. तिथं टकाचोर पक्षी राही. राज्यातलं एकही भांडं त्यानं उष्टं करायचं सोडलं नव्हतं.

"पाखरदादा, चोचीला जुना फेस असेल ना?"

"आहे, मोहरीएवढा. पण तीन गोष्टी कर. अंगाच्या उबेनं जवाला मोड आण. ते कुटून शिजव, गाळून घे, करंगळीला सोसेल इतकं निवव. मग बीज घाल, झाकण लाव, आणि भांडं गाऊ लागेपर्यंत उघडू नकोस."

ती बीज घेऊन परतली, तेव्हा प्रधान म्हणाला, "कढईतच घाल. राज्य केवढं!"

"एवढंसं बीज एवढ्या पाण्यात बुडून मरेल, प्रधानजी. घरचं मडकं बास."

धुरपदा जव पोटाशी घेऊन निजली. पहाटे मोड आले, चांदीसारखे. ते शिजले तेव्हा वाफेच्या वासानं ढग खाली उतरले आणि परसात बसून राहिले. मग तिनं बीज घातलं, झाकण लावलं, आणि मडकं घेऊन घुमटाखाली बसली.

वरून हाक आली. "धुरपदे, जरा उघडून बघ. फेस धरला का?"

"जन्मभर हेच करत आलात. गप लटका."

"अगं, महाराज छातीपर्यंत झरोक्याबाहेर गेले."

"पोट अडकेल त्यांचं. दम धरा."

म्हणाली खरी, पण दोर करकरला तसा तिचा हात झाकणावर गेला. तिनं तो मागं घेतला आणि कान मडक्याला लावला. आत काहीच ऐकू येईना. मग एक बुडबुडा फुटला. मग दुसरा. मग मडकं गाऊ लागलं, आणि त्या एवढ्याशा मातीत साऱ्या शेतांवरचा वारा घुमला. पहारेकऱ्यांनी भाले खाली ठेवले. ढगांनी खिडक्यांतून माना आत घातल्या.

लांब बांबूला बांधून मडकं झरोक्याशी पोचवलं. राजानं कडेच्या फटीतून हात खाली करून ते वर घेतलं आणि तोंडाला लावलं. कडसर, गोड, सोनेरी. शेवटच्या घोटाशी खालून शब्द आले, "महाराज, तळ राखा."

"फारच थोडं आहे गं."

"म्हणूनच."

राजा बराच वेळ मडक्यात बघत राहिला. मग त्यानं ते तसंच बांबूला अडकवलं.

घुमटात फेसाच्या राणीची नक्षत्रं चमकून विझली. राजाचा फुगवटा हळूहळू ओसरला आणि दोघं खाली येऊ लागले. सटवाजीचा अंगठा फरशीला टेकला, तेव्हा धुरपदा पहिल्यांदा रडली.

"उघडून बघितलं असतंस तर?" त्यानं विचारलं.

"तर तुम्हाला चंद्रावर डबा पोचवावा लागला असता."

पुढं राजानं दवंडी पिटवली आणि तो गाळ घरोघरी चमचा-चमचा वाटला. ज्याच्या त्याच्या घरी ज्याचं त्याचं मडकं गाऊ लागलं. त्या थोरल्या कढईत आता बदकं पोहतात.

सटवाजीचे पाय जसे भुईला लागले, तसे साऱ्या अधांतरी लटकलेल्यांचे लागोत.