हार्टविग साहेबांची विहीर

ते दिवस उंटांचे होते. नकाशे कोरे होते, आणि ते भरायला युरोपातून एकेक साहेब अरबस्तानच्या वाळवंटात उतरत असे. त्यातलेच एक हार्टविग साहेब. त्यांचा वाटाड्या म्हातारा हमदान.

तीन दिवस घोटघोट पाण्यावर काढल्यावर हमदानने त्यांना एका विहिरीपाशी आणलं. काठाच्या दगडावर दोरांनी घासून बोटभर खोल चर पडले होते. तरी साहेबांनी पाण्याआधी वही काढली.

"ही विहीर मी शोधली. आजपासून हिला माझं नाव!"

तेवढ्यात चाळीस उंटांचा एक तांडा तिथे येऊन थांबला. हमदानने पोहरा ओढून वर काढला. साहेबांनी हात पुढे केले, तर याने तो स्वतःच्या ओठांशी नेला.

"अरे, आधी मला दे!"

"तसं कसं, साहेब?" हमदान अदबीने म्हणाला. "आमच्याकडे विहीर ज्याच्या नावाची, तो यजमान. आधी पाहुणे पितात, मग त्यांचे उंट, आणि सगळ्यांत शेवटी यजमान. ही माझ्या आजोबांनी खणली, म्हणून मी जन्मभर शेवटी प्यालो. आज तुमच्या कृपेने पहिल्यांदाच पाहुणा झालो!"

साहेबांनी चाळीस उंटांकडे पाहिलं, कोरडे ओठ चाटले आणि वहीतलं नाव खोडलं.

हमदानने न उष्टावलेला पोहरा लगेच त्यांच्या हाती दिला. "घ्या, पाहुणे." मग तांडा प्याला, उंट प्याले आणि शेवटी तो स्वतः.

आता तिथून डांबरी रस्ता जातो. पाणी बाटलीतून येतं, आणि प्रत्येक बाटलीवर कुणाचं तरी नाव असतं. शेवटी पिणारा मात्र कुणी दिसत नाही.