मनोविश्रामाची पाहणी

शारंगपूरच्या राज्यात येसाक्का नावाची एक सुईण राहत होती. तिचा हात हलका होता, बोलणं स्पष्ट होतं आणि प्रत्येक गोष्टीत 'का?' विचारायची तिला खोडच होती.

तिथला राजा भद्रसेन मनानं चांगला होता. मनाच्या आजारानं पिडलेल्या माणसांसाठी त्यानं 'मनोविश्राम' नावाचं मोठं घर बांधलं होतं. तिथला सगळा कारभार त्रिविक्रम वैद्य पाहत. दर दसऱ्याला राजा त्यांना विचारी, "सगळं ठीक ना?" वैद्य सांगत, "ठीक आहे, महाराज. रोगी पोटभर जेवतात, रोज सकाळी बागेत फिरतात." राजाचं समाधान होई.

राणीच्या बाळंतपणासाठी राजवाड्यात आलेल्या येसाक्काच्या कानावर हे पडलं. ती म्हणाली, "महाराज, वैद्यांच्या कामाबद्दल तुम्ही वैद्यांनाच विचारता. रोग्यांना कोण विचारतं?"

राजा हसला. "वेड्यांना काय विचारायचं?"

"तान्हं बाळ तर बोलतही नाही. पण त्याचं काय दुखतंय ते बघावंच लागतं ना?"

राजा विचारात पडला. मग म्हणाला, "तूच बघून ये."

येसाक्का न कळवताच मनोविश्रामात जाऊन उभी राहिली. वैद्य लगबगीनं पुढे आले. "या, या! आधी दूध घ्या. मग मी सगळं दाखवतो."

"दूध नको. आणि दाखवू नका, माझं मी बघते."

आत सगळं स्वच्छ होतं. कोपऱ्यात सगुणा नावाची एक कोष्टीण बसली होती. ती पुटपुटली, "दोन पावसाळे झाले, अंगावर ऊन पडलं नाही."

"लक्ष देऊ नका," तिथला एक सेवक म्हणाला. "ती दिवसभर असंच बरळते."

बरळते की खरं सांगते? येसाक्काला राहवेना. ती सगुणाजवळ बसली आणि तिनं तिचे पाय मांडीवर घेतले. तळवे नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखे मऊ होते. तिनं इतरांचे तळवे पाहिले. तेही तसेच. मग ती बागेकडे गेली. फाटकाची कडी गंजली होती. पायवाटेवर गुडघाभर गवत माजलं होतं.

वैद्यांनी तिला बाजूला घेतलं. "येसाक्का, तुमच्यासारखी जाणती बाई इथं हवीच आहे. माझ्या हाताखाली या. राहायला घर मिळेल."

येसाक्काच्या घराचं छप्पर गळत होतं. क्षणभर तिचं मन हललं. मग ती म्हणाली, "मी तुमच्या हाताखाली आले, तर तुमच्याकडे कोण बघणार?"

तिनं जे पाहिलं ते दरबारात सांगितलं. राजा संतापला. वैद्यांनी मान खाली घातली.

"महाराज, मागे एक रोगी बागेतून पळाला. तेव्हा तुम्ही भर दरबारात मला नको नको ते बोललात. त्या दिवसापासून फाटक उघडायची मला भीतीच वाटते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही 'ठीक ना?' एवढंच विचारत होता, महाराज."

राजाला आपलीही चूक उमगली. त्यानं वैद्यांना काढलं नाही, उलट मदतीला चार सेवक दिले. पण देखरेख मात्र येसाक्का आणि गावातल्या आणखी दोघांकडे सोपवली. त्यांनी हवं तेव्हा आत जावं, प्रत्येक रोग्याशी एकट्यात बोलावं आणि जे दिसेल ते चावडीवर सगळ्यांसमोर सांगावं. त्यांच्यावर ना वैद्यांचा हुकूम, ना प्रधानाचा.

दुसऱ्याच दिवशी फाटक उघडलं. सगुणा उन्हात दुपारपर्यंत बसून राहिली.

सुरुवातीला येसाक्का दिसली की वैद्यांच्या कपाळाला आठी पडे. पण वर्ष सरेपर्यंत ते स्वतःच तिला हाक मारू लागले, "येसाक्का, जरा इकडे या. हे मला जमत नाहीये, तुम्ही बघा."

तात्पर्य: आपल्या कामाची ग्वाही आपणच दिली, तर चूक झाकलेलीच राहते. काम पाहणारा वेगळा असावा आणि ज्यांच्यासाठी ते काम चालतं, त्यांचं म्हणणं त्यानं आधी ऐकावं.