मानाचा बदाम

जंगलात पायवाटासुद्धा पडल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. उदोबा नावाच्या उदमांजराने वडाखाली जुगार मांडला होता. तीन करवंट्यांपैकी एकीखाली तो गुंज लपवायचा. ओळखली तर दोन बदाम मिळायचे, चुकलं तर लावलेला बदाम उदोबाचा.

खारूताई रोज यायची आणि पिल्लांसाठी केलेली पावसाळ्याची बेगमी डावावर लावायची. तिच्यासाठी उदोबाने खास कापसाची गादी घातली होती. कावळा मात्र दोन डाव जिंकला की उडून जायचा. त्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नसे.

"कावळेदादा, मान मिळवायला अंगात गुण लागतात," खारूताई गादीवरून म्हणाली.

"असतील बाई तुझ्यात," म्हणत कावळा उडाला.

पण तिलाही राहवेना. "उदोबा, माझ्यात असं काय पाहिलंत हो?"

"ताई, तो जिंकला की उठतो. तुम्ही जिंकलात तरी बसता, हरलात तरी बसता. अशी मंडळी मिळतात कुठे?" उदोबाने पानावर एक टपोरा बदाम पुढे केला. "हा घ्या, मानाचा!"

खारूताई लाजली. तिने बदाम तोंडाशी नेला आणि ती थबकली. त्यावर दाताची बारीकशी खूण होती. घरच्या प्रत्येक बदामावर ती स्वतःच अशी खूण करून ठेवायची.

"मग, लावताय ना?" उदोबाने गोड आवाजात विचारलं.

"नाही. हा माझ्या पिल्लांचा आहे," म्हणत ती गादीवरून उतरली.

गादी अजून उबदार होती. उदोबाने ती झटकली आणि सकाळपासून सात डाव हरलेल्या सशाला हाक मारली, "अहो ससेराव, तिकडे उन्हात का? इथे बसा. तुमचा मान मोठा!"