अडतीस खाटांचे पत्ते

एकदा एक शिष्या गुरूंच्या खोलीबाहेर थबकली, कारण आत तिचाच विषय चालला होता.

"मुलगी हुशार आहे," वृद्ध गुरू औषधभांडाराच्या प्रमुखांना सांगत होते, "पण लग्नाला दोनच महिने झालेत. तिचा पत्तेवाटपाचा आराखडा म्हणजे नव्या सुनेची पंगत. कुणी नाक मुरडू नये म्हणून सगळ्यांच्या पानात सारखंच वाढते."

हे तिच्यासाठी बोललेलं नव्हतं. म्हणजे खरंच असणार. सासरी आमटी वाढताना तिचा हात असाच चाले: सासऱ्यांना नको असली तरी वाटीभर, दिराला आणखी हवी असली तरी वाटीभरच.

गुरू एका रुग्णालयाचं संगणकजाळं सांभाळत. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता लागतो. तो नसेल तर त्याचं बोलणं कुठेच पोहोचत नाही. नव्या इमारतीच्या वाट्याला दोनशे छप्पन्न पत्ते आले होते. रुग्णकक्षात शंभर खाटांची शंभर यंत्रं, प्रयोगशाळेत पन्नास, औषधभांडारात पंचवीस आणि कार्यालयात अकरा. शिष्येने चौघांनाही चौसष्ट-चौसष्ट देऊन टाकले होते. प्रत्येक चौसष्टातले बासष्टच वापरता येत, त्यामुळे रुग्णकक्षातल्या अडतीस खाटा पत्त्याविना उरत होत्या. त्यांच्यापुढे तिने बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'नंतर पाहू'. आणि सोमवारी त्या खाटांवर रुग्ण येणार होते.

ती आत गेली. गुरूंनी आराखडा पाहिला, बाजूला ठेवला आणि डबा उघडला. आत नारळाची वडी थापलेली होती. घरी वड्या पाडायच्या राहिल्या होत्या.

त्यांनी बरोबर मध्यावर सुरी फिरवली. एक अर्धा अखंड ठेवला. दुसऱ्याचे दोन भाग केले, त्यातल्या एकाचे पुन्हा दोन, शेवटच्याचे पुन्हा दोन. मग पहिल्या चार तुकड्यांच्या दोन्ही बाजूंची बारीक कड कापली आणि त्या आठही कडा स्वतःच खाऊन टाकल्या.

"सर, हे काय?" तिला हसू आवरेना.

"अगं, सारखं वाटप दिसायला न्यायाचं," गुरू बोटं पुसत म्हणाले. "पण त्यात एक उपाशी राहतो आणि दुसऱ्याच्या पानात अन्न वाया जातं. म्हणून मोठी गरज आधी भागवावी, वडी अखंड आहे तोवर. लहानांसाठी मधेच सुरी घातलीस, तर अखंड अर्धा मग शोधून सापडायचा नाही. आता या कडा. प्रत्येक गटाचा पहिला पत्ता त्या गटाच्या नावाला जातो आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला. तुकडा केवढाही असो, दोन जातातच. म्हणून उगाच तुकडे पाडू नयेत."

"आणि हा पाचवा?"

"ज्यांची नावं आपल्याला अजून ठाऊक नाहीत, त्यांचा."

"मग त्याला हात लावू नका," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. गुरू खो खो हसले.

तिने तिथेच बसून नवा आराखडा केला: एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, बत्तीस, सोळा, आणि सोळा राखीव. एकही खाट उरली नाही.

दुसऱ्या दिवशी चारही विभागप्रमुख बैठकीला जमले. कार्यालयप्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आम्हाला हाती चौदाच? आणि ते सोळा कुणासाठी लपवलेत? द्या की आम्हाला! तुमच्या रजा कोण मंजूर करतं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. पहिल्यांदा माहेरी जाण्यासाठी तिने केलेला अर्ज त्यांच्याच टेबलावर पडला होता. तिने गुरूंकडे पाहिलं. गुरू पंख्याकडे पाहत होते. हे उत्तर त्यांनी नव्हे, तिनेच द्यायचं होतं, हे तिला उमगलं.

"साहेब," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका स्पष्ट बैठकीत कुणी ऐकलाच नव्हता, "तुमची यंत्रं अकरा, पत्ते चौदा. राखीव मिळणार नाहीत. रजा नाही दिलीत तरी चालेल."