कापशीची भूक जाईना

खूप खूप उत्तरेला, जिथे समुद्राचा बर्फ होतो, तिथे एक पांढरं अस्वल राहायचं. त्याचं एक पिल्लू होतं. पिल्लाचं नाव कापशी. कापशीचे केस पांढरे, केसांखाली कातडं काळं. पंजे मोठे, पोट छोटं.

उन्हाळा आला. समुद्रावरचा बर्फ वितळला. कापशी आणि आई किनाऱ्यावर अडकल्या. एके दिवशी कापशी आईला बिलगली, तर दूध आलंच नाही.

आई म्हणाली, "मी सील खाल्ला की दूध येतं. पण सील मिळेना. पाण्यात तो माशासारखा सुळकन पळतो. बर्फ असला तरच मला सील धरता येतो."

कापशी निघाली. दुडुदुडु, दुडुदुडु. काठाशी बर्फाचा एक तुकडा उरला होता. टिप टिप गळत होता.

"बर्फदादा, बर्फदादा, पसर ना.
सील मिळेना,
आईला दूध येईना,
माझी भूक जाईना."

बर्फ म्हणाला, "समुद्र गोठला तर मी पसरेन."

कापशी निघाली. दुडुदुडु, दुडुदुडु. समुद्र डुचमळत होता. डुबुक डुबुक.

"समुद्रकाका, समुद्रकाका, गोठा ना.
बर्फ पसरेना,
सील मिळेना,
आईला दूध येईना,
माझी भूक जाईना."

समुद्र म्हणाला, "गार वारा सुटला तर मी गोठेन."

कापशी निघाली. दुडुदुडु, दुडु... पाय दुखायला लागले. टेकडीवर वारा पेंगत होता. फूऽऽ, फूऽऽ.

"वारेमामा, वारेमामा, सुटा ना.
समुद्र गोठेना,
बर्फ पसरेना,
सील मिळेना,
आईला दूध येईना,
माझी भूक जाईना."

वारा म्हणाला, "सूर्य मावळला तर मी गार होईन. मग सुटेन."

तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. आभाळात नुसता गोल गोल फिरतो. कापशी टेकडीच्या टोकावर चढली. दुडु... दुडु... मान वर केली.

"सूर्यआजोबा, सूर्यआजोबा, मावळा ना.
वारा सुटेना,
समुद्र गोठेना,
बर्फ पसरेना,
सील मिळेना,
आईला दूध येईना,
माझी भूक जाईना."

सूर्यानं खाली पाहिलं. मग म्हणाला, "बाळा, मी हळूहळूच उतरतो. मला घाई करता येत नाही."

कापशीनं विचारलं, "मग आता मी कुणाकडे जाऊ?"

सूर्य म्हणाला, "माझ्यापुढे कुणी नाही."

कापशी परत आली. आई आडवी पडली होती. तिच्या बरगड्या दिसत होत्या. कापशीनं काही मागितलं नाही. आईनं तिला पंजाखाली घेतलं. दोघी तशाच पडून राहिल्या. उठल्या की भूक लागायची, म्हणून उठायच्या नाहीत. कापशी झोपेत रडायची. आई तिचं नाक चाटायची. असे किती दिवस गेले, कापशीला कळलं नाही.

मग सूर्य उतरला. थोडा उतरला, अजून थोडा उतरला आणि मावळला.
सूर्य मावळला, वारा सुटला. सूंऽऽ सूंऽऽ.
वारा सुटला, समुद्र गोठला. कुर्र कुर्र.
समुद्र गोठला, बर्फ पसरला.

आई उठली. तिचे पाय लटपटत होते. बर्फ पातळ होता, म्हणून ती पाय फाकवून पोटावर सरकली. सर्र, सर्र. बर्फाला एक भोक होतं. सील तिथे श्वास घ्यायला येतो. आई भोकाशी बसली. हलली नाही. बोलली नाही. कापशीही मागे गप्प बसली.

फुस्स. सीलचं नाक वर आलं.

झप.

सील मिळाला,
आईला दूध आलं. सायीसारखं दाट.

कापशी प्यायली. चुटुचुटु, चुटुचुटु. मधेच थांबून तिनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "पी, अजून आहे."

कापशी अजून प्यायली. पोट गोल झालं.

कापशीची भूक गेली.