तळघाटीची उलटी पालखी

तळघाटीच्या वाघजाईची पालखी चैत्रात नदीवर जाते ती सरळ, चारचौघींसारखी. परत येते ती मात्र उलटी. भोई नदीकडे तोंड करून, टाचांनी पायरी चाचपत बावन्न पायऱ्या चढतात. पाहुणे हसू लागले, की दौलतबुवा गुरव पायरीवर बसकण मारतात आणि म्हणतात, "हसा, खुशाल हसा. यामागं एक शिनेमावाला हाय."

असे सांगतात, की मुके चित्रपट नुकते कुठे सुरू झाले होते, तेव्हा पुण्याचे हरिपंत लोणकर कॅमेरा घेऊन इथे आले. त्यांची आधीची दोन चित्रं सपशेल पडली होती. हे तिसरं साधलं नाही, तर जन्मभर लग्नातले फोटो काढावे लागणार होते. त्यांना पालखी टिपायची होती, पण तेव्हाच्या गुरवाची म्हातारी आई येसाआजी अडून बसली. "वाघजाईआईला पेटीत घालून न्येताय, तर पेटीतनंच परत आणून देवळात बसवायची. हाय कबूल?" पंतांनी भंडारा उचलून शब्द दिला.

पालखी निघाली, भंडारा उधळला, आणि पंतांचं भान हरपलं. ते हँडल फिरवतच सुटले. पालखी नदीवर टेकली आणि फिल्मही संपली! परतीची वाट टिपायला वीतभरही उरली नव्हती.

महिन्याभराने ते चित्र घेऊन आले. गाव शब्द विसरलं असेल, अशी त्यांची भाबडी समजूत. अंधार पडताच देवळासमोर धोतरांचा पडदा ताणला. आपलीच माणसं पडद्यावर चालताना पाहून गाव हरखून गेलं. पालखी नदीवर टेकली आणि चित्र थांबलं. येसाआजी ताडकन उठली.

"आई नदीवरच ऱ्हायली की! घरी आणा तिला, पंत."

सारं गाव त्यांच्याकडे वळलं. भंडारा उचललेला, आणि हातात काही नाही. पंतांची नजर यंत्रावर गेली. फिल्मचं शेवटचं टोक अजून त्यातच होतं. त्यांनी वाघजाईचं नाव घेतलं आणि हँडल उलटं फिरवलं.

पालखी उठली! भोई उलट पावलांनी पायऱ्या चढले, हवेतला भंडारा ज्याच्या त्याच्या मुठीत शिरला, आणि आई थेट देवळात जाऊन बसली. म्हातारेसुद्धा नाचले म्हणे. येसाआजीने पंतांवरून कडाकडा बोटं मोडली. "अशी येती व्हय ती घरी? आमीच इतकी वर्सं चुकत हुतो!" पंत खरं सांगायला तोंड उघडणार, तोच आजीने त्यात गुळाचा खडा कोंबला.

पुढे पंतांचं नाव झालं, पण प्रत्येक नवं चित्र आधी याच पडद्यावर लागलं.

आजही पालखी नदीवरून उठण्याआधी एक मानकरी वरच्या पायरीवर उभा राहतो. तो कुणीही असो, त्या दिवशी तो पंतच. खालून सारं गाव ओरडतं, "फिरवा, पंत!" तो हवेत उलटा हात फिरवतो, आणि आई घरी यायला निघते.