पहिलीचा कान

या गोष्टीत शेवटी म्यांव म्यांव कोण करतंय, सांगा बघू! न्हाईच सांगता यायचं.

नदीला पूर आला आन् निम्मं गाव शाळेत येऊन बसलं. पोरांची खिचडी चुलीवर रटरटत हुती. कालपासनं उपाशी असलेल्या म्हाताऱ्या अनसाक्कानं ताटली पुढं केली, तर होडीतनं पाहणीला आलेले बुधगावकर साहेब पोट सावरत आडवे आले.

"शाळेत नाव असेल त्यालाच खिचडी!"

"मग घाला की माजं नाव पहिलीत."

"आजी, वय बघा तुमचं!"

"वय कोन इचारतंय? आमच्या वेळी डोक्यावरनं हात नेऊन पल्याडचा कान धरला, की पोरगं पहिलीत!"

अनसाक्कानं गपकन कान धरला. मागनं समद्या गावानं धरला. हेडमास्तर हसू दाबत म्हणाले, "घातली नावं. बसा पंगतीला."

साहेब तणतणत निघाले, तर होडी दुसऱ्या वस्तीवरची माणसं आणायला गेलेली. दुपार टळली, पोटात कावळे वरडायला लागले. शेवटी तेबी ताटली घेऊन आले.

"आधी कान धरा," अनसाक्का म्हणाली.

साहेबांनी लई जोर केला, पण दंड एवढा जाड, की हात टकलावरच अडकला.

"ल्हान हाय अजून लेकरू! अंगणवाडीत बसवा."

आन् अंगणवाडीत गाणं म्हटल्याबिगर खाऊ मिळत न्हाई. साहेबांनी बोटांच्या मिशा करून मांजराचं अख्खं गाणं म्हटलं, तवा कुठं वाटीभर खिचडी मिळाली.